हितं कुनी विमल न्हाय

चैत्र सरत आला की सोलापुरात दुपारी बारानंतर रस्ते ओस पडतात आणि मी उगाच दोन-तीनदा फ्रिजचं दार उघडते. काही काढायचं नसतं. बर्फ धरलाय की नाही, तेवढं बोट लावून बघायचं आणि दार लावून टाकायचं. सून म्हणते, "आई, तो काही पळून जात नाही." तिला काय सांगणार? माझ्या तरुणपणी तो रोज पळून जायचा, आणि त्याच्या मागं धावता धावता माझे कितीतरी उन्हाळे गेले.

यंदा या खोडीला निमित्त मिळालं ते मुग्धाच्या फोनचं. मुग्धा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची नात. पुण्याला डॉक्टरेट करते. पेशीच्या पृष्ठभागावरचं कुठलं तरी एक प्रथिन, आणि नेमकं त्यालाच जाऊन चिकटतील अशी प्रतिपिंडं तयार करून त्यांचं औषध करायचं, असा तिचा विषय. तिच्याकडं उणे ऐंशीचा फ्रीजर आहे आणि तो बंद पडला तर मोबाईलवर निरोप येतो. "मावशीआजी, तूपण असलंच काहीतरी केलं होतंस ना गं? तुमच्याकडं तेव्हा काय काय होतं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "बर्फ. तोही कारखाना चालू असला तर." ती हसत सुटली. मी आपलं खरं तेच सांगितलं होतं.

सत्तरच्या दशकातली मधली वर्षं ती. मी डॉक्टर होते, पण पेशंटपेक्षा परीक्षानळीशी माझं जास्त जमायचं, कारण परीक्षानळी उलट बोलत नाही. लग्न होऊन सोलापुरात आले आणि इथल्या दवाखान्याच्या प्रयोगशाळेत संशोधनाला नाव घातलं. प्रयोगशाळा कसली, पश्चिमेकडं तोंड केलेली एक लांबोडी खोली. मागं कडुनिंब, त्याचा मोहोर खिडकीतून थेट नळ्यांच्या स्टँडवर पडायचा. पलीकडच्या गल्लीतून मागांची खटखट दिवसभर चालू. नमुने शरीराइतक्या उबेला ठेवायचे तर इतर गावी पाणी तापवावं लागतं. आमच्याकडं वैशाखात तेच पाणी माठातलं घालून निववावं लागायचं. सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, घाम पुसत म्हणायचे, "सोलापूरनं निम्मी उपकरणं वाचवली." त्यांच्या दृष्टीनं हा विनोद असायचा.

आमचं प्रथिन म्हणजे आरएच. तांबड्या पेशीच्या अंगावरची एक खूण. ते प्रथिन असावं एवढाच तेव्हा अंदाज होता. ते दिसतं कसं, पेशीच्या आवरणात बसतं कसं, यातलं काही ठाऊक नव्हतं. खूण असली तर माणूस पॉझिटिव्ह, नसली तर निगेटिव्ह. निगेटिव्ह बाईच्या पोटी पॉझिटिव्ह मूल आलं, की बाळंत होताना मुलाच्या थोड्या पेशी तिच्या रक्तात उतरतात. तिचं शरीर ती अनोळखी खूण बघून ठेवतं, लक्षात ठेवतं, आणि तिच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायला शिकतं. पहिलं मूल तोवर सुखरूप बाहेर आलेलं असतं. पुढचं पॉझिटिव्ह मूल मात्र सापडतं. आईचीच प्रतिपिंडं वारेतून पलीकडं जातात आणि त्याच्या पेशी फोडतात. मूल पिवळं पडतं, आणि तेव्हा त्यातली बरीच मुलं जात.

त्यावरचा उपाय नवानवा आला होता. आईचं शरीर ती खूण शिकायच्या आत, दुसऱ्या कुणाच्या रक्तातली तयार प्रतिपिंडं तिला टोचायची. ती मुलाच्या चुकार पेशी वेचून काढतात आणि आईच्या शरीराला काही घडल्याचं कळतच नाही. मला अजूनही या कल्पनेचं नवल वाटतं. अट एकच, पुस्तकात ठळक छापलेली: बाळंतपणानंतर बहात्तर तासांच्या आत. ते इंजेक्शन आमच्याकडं अगदी मोजकं यायचं आणि बर्फात ठेवावं लागायचं. मी शहरातल्या निगेटिव्ह बायकांची नोंदवही ठेवत होते, त्यांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांचा जोर मोजत होते, आणि ज्यांना इंजेक्शन लागेल त्यांच्या तारखा वहीच्या मागच्या पानावर लिहीत होते.

त्या वहीत उन्हाळ्यात भोकं पडायची. उन्हाळ्यात पोरी माहेरी जात, आणि पहिलं बाळंतपण तर माहेरीच. सातव्या महिन्यापर्यंत दर पंधरा दिवसांनी येणारी बाई आठव्यात अदृश्य व्हायची. मी चिडायचे. "यांना कळत नाही का, संशोधन चाललंय म्हणून?" असं एकदा बोलूनही गेले. लक्ष्मी सिस्टर तिथंच पट्ट्या गुंडाळत होत्या. विणकरांच्या घरातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, आणि दवाखान्यातलं सगळं माझ्या आधी कळणाऱ्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तुमी पण जाणार की माहेरी. तवा बघू."

मला तरी माहेर कुठं चुकलं होतं? बार्शीला दादा होते, माझे वडील, शाळामास्तर. तिथं मी कुसुम. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव कोरलं गेलं, वसुधा, सगळ्यांनी अक्षता टाकल्या, पेढा दिला आणि कुसुम संपली. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. नवी साडी नेसावी तसं नाव नेसले. दादांना मात्र ते काही केल्या जमेना. त्यांचं कार्ड यायचं ते 'चि. कुसुम हीस' असंच. एकदा नवा पोस्टमन होता, त्यानं कार्ड बार्शीला परत धाडलं. वर लाल शाईत शेरा: या नावाचे येथे कोणी राहत नाही. ते कार्ड दादांनी पुढच्या भेटीत मला दाखवलं. मी पोट धरधरून हसले. ते हसले नाहीत, त्यांनी कार्ड चष्म्याच्या घरात घालून ठेवलं. हे सांगायचं कारण एवढंच, की मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

विमल आमच्याकडं त्याच वर्षी संक्रांतीच्या सुमाराला आली. नवरा गिरणीत, माहेर सांगोल्याच्या बाजूचं. एकोणीस-वीस वर्षांची, सडपातळ, हातावर हिरवं गोंदण. रक्त काढताना बाकीच्या बायका तोंड फिरवायच्या. ही नळी भरेपर्यंत टक लावून बघत बसली. निगेटिव्ह आहे म्हटल्यावर तिनं विचारलं, "म्हंजे माज्या रगतात काय न्हाय?"

"एक खूण नाही. बाकी सगळं आहे."

"मग ती खून आनायची कुटनं?"

"आणायची नाही. बाळंतपण झालं की एक इंजेक्शन घ्यायचं. तीन दिवसांच्या आत. विसरायचं नाही."

"इसरतीय कशाला," ती म्हणाली. "तुमी इसरू नका म्हंजे झालं." आणि जाताना पदराच्या गाठीतून शेंगदाण्याची चटणी बांधलेली पुरचुंडी काढून टेबलावर ठेवली. मी दुपारच्या कडक भाकरीबरोबर ती खाल्ली. इतकी झणझणीत की डोळ्यांत पाणी आलं. तिचं नाव मी मागच्या पानावर लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

एप्रिलअखेरीची गोष्ट. मंगळवारी सकाळी मी आले तर टेबलावर कारकुनाची चिठ्ठी. विमलचा नवरा आदल्या दिवशी संध्याकाळी पाळी सुटल्यावर येऊन गेला होता. रविवारी पहाटे मुलगी झाली, माहेरी. फाट्याचं आणि गावाचं नाव त्यानं नीट लिहवून घेतलं होतं. बायकोचं नाव मात्र तो घेणार नाही. त्या काळी गडी माणूस 'आमची मंडळी' म्हणायचा. नाव कारकुनानं नवऱ्याच्या नावावरून माझ्या वहीतून बघून घातलं होतं. मी हिशेब केला. बुधवारच्या पहाटेपर्यंत वेळ होता. थर्मासमध्ये बर्फ भरला, त्यात इंजेक्शन, पिशवीत बाळाच्या रक्ताचा थेंब तपासायला काच आणि सीरमची बाटली, आणि सांगोल्याची एसटी पकडली. सर म्हणाले, "एका बाईसाठी?" मी म्हटलं, "सर, तीच तर एक सापडलीय." मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता तेव्हा.

फाट्यावर उतरले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गावापर्यंत अर्ध्या तासाची वाट. दोन्ही बाजूंना उघडी रानं, बाभळीखाली बसकण मारलेली मेंढरं, आणि मी थर्मास पदराखाली धरलेला, जणू सावलीनं त्याला काही फरक पडणार होता. मधेच थांबून हलवून बघायचे. आत खडे वाजले की जीव भांड्यात. गावात पहिल्यांदा देवळाच्या पारावर विचारलं. "विमल? बाळंत झालीय, सोलापूरची." म्हाताऱ्यांनी एकमेकांकडं बघितलं. "सोलापूरची हितं कशाला बाळंत हुईल?" मी म्हटलं, माहेर इथलं आहे. "विमल नावाची पोरगीच न्हाय गावात."

घरं तरी किती, पन्नास-साठ. मी दारोदार विचारत सुटले. विमल आहे का, विमल. माणसं चांगली होती. प्रत्येक दारात पाणी मिळालं, बसायला घोंगडं मिळालं, कुणी कुणी तर भाकरी खाऊन जायचा आग्रह केला. शेवटाकडच्या एका घराच्या ओट्यावर मी टेकले. आत ओव्याची धुरी घातलेली असावी, वास येत होता. दारात चाळिशीची एक बाई सूप घेऊन उभी होती. मी विचारलं. ती म्हणाली, "न्हाय बगा बाई, हितं कुनी विमल न्हाय." मी तांब्याभर पाणी प्याले, बरं म्हटलं, आणि उठले.

तो वास माझ्या नाकात शिरला होता. तो बाळंतिणीच्या खोलीचा, हे मला कळत होतं. ओव्याची धुरी भर वैशाखात उगाच कोण घालतं? पण मी नाव शोधत होते. नाव वहीत होतं, खाली दोन रेघा होत्या, आणि नाव नाही म्हटल्यावर माझ्या लेखी बाई नव्हती. गावाचं नावच कारकुनानं चुकीचं लिहिलं, असा निकाल मी चालता चालता लावला. फाट्यावर येईपर्यंत थर्मासमधले खडे वाजायचे थांबले होते.

बुधवारी सकाळी लक्ष्मी सिस्टरना सांगितलं. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं.

"मॅडम, नाव कशाला विचारलं तुमी? विमल हे तर सासरचं नाव असणार की. तिथं कोण वळखतंय तिला विमल म्हणून? सोलापूरला दिलेली पोरगी कुणाची, ती बाळंतपणाला आलीया का, असं विचारायचं. शेंबडं पोर पण घर दाखवलं असतं."

मी घड्याळाकडं बघितलं. बहात्तर तास उलटून चार तास झाले होते. मी वही काढली, विमलच्या नावापुढं 'मुदत संपली' असं लिहिलं आणि इंजेक्शन पुढच्या आठवड्यातल्या दुसऱ्या बाईसाठी ठेवून दिलं. दुपारची एसटी होती. घर आता ठाऊक होतं, निदान वास ठाऊक होता. पण पुस्तकात बहात्तर लिहिलं होतं, आणि मी पुस्तकावर विश्वास ठेवणारी मुलगी होते. तासांची ती रेघ काही निसर्गानं ओढलेली नाही, उशीर झाला तरी देऊन टाकावं, काही ना काही उपयोग होतो, हे मी वाचलं ते कितीतरी वर्षांनी. वाचलं त्या दिवशी मी जेवले नाही. सगळ्या आयुष्यात मला एक दिवस परत मिळणार असेल तर मी तो बुधवार मागेन.

चार उन्हाळे गेले. माझं काम होत आलं होतं, फक्त एक उणीव होती. प्रतिपिंडांचा जोर कमी, मध्यम असे नमुने भरपूर होते. खूप जोराचा एकही नव्हता, आणि त्यावाचून सरांच्या मते माझा तक्ता लंगडा होता. अशात एक दिवस तपासणीच्या चिठ्ठ्यांत एक नवं नाव आलं. चंपा, सांगोल्याकडची, पाचवा महिना. भावानं आणली होती आणि चिठ्ठीही त्यानंच करून घेतली होती. मी तिचं सीरम, म्हणजे रक्तातल्या पेशी काढल्यावर उरतं ते पाणी, पातळ करत गेले, निम्मं, त्याच्या निम्मं, आणखी निम्मं. प्रत्येक नळीत मी घातलेल्या पॉझिटिव्ह पेशी एकमेकींना धरून गोळा होत होत्या, रव्याच्या कणांसारख्या. आठवी नळी, नववी नळी, तरी गोळा. इतकं जोराचं सीरम मी कधी बघितलं नव्हतं. मी नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि मोठ्यानं म्हणाले, "छान! फारच छान."

चंपा दारातच उभी होती. "छान हाय व्हय?" तिनं विचारलं. "म्हंजे ह्ये तरी जगंल न्हवं?"

माझा हात तसाच वर राहिला. विचारायचं ते मी विचारलं, कारण फॉर्मवर तसा रकाना होता: आधीची बाळंतपणं किती?

"दोन. पयली पोरगी हाय, लई ग्वाड. मधलं तिसऱ्या दिशी पिवळं झालं. पाचव्या दिशी गेलं." तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "बाई, तुमी मला वळखलं न्हाय. पयल्या खेपंला मी हितंच येत हुते. तवा विमल हुते मी, तुमच्या वहीत. सुई द्याची म्हनला हुता तुमी."

गोंदण मी तेव्हा बघितलं.

"मी आले होते," मी म्हणाले. "तुमच्या गावाला आले होते."

"व्हय, चुलतीनं सांगितलं मागनं. कुनी बाई आलती म्हनली, विमलला हुडकत. मी आतच हुते की, बाजेवर. पोरीला पाजत हुते. मला वाटलं कुनाची तरी पावनी असंल." ती हे कसलाही ठपका न ठेवता सांगत होती, एसटी चुकल्याचं सांगावं तसं. "मलाबी ध्यानात आलं न्हाय बगा. माहेरी गेलं की मला विमल म्हनून हाक आल्यागत वाटतच न्हाय."

मी तिला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशीची एसटी होती आणि मी गेले नाही, तेही सांगितलं. तिनं टेबलावरच्या नळ्यांकडं बघितलं. मग म्हणाली, "ह्याच्यात त्येच हाय का, मधल्याला ज्यानं मारलं ते?" मी हो म्हटलं. तिनं नळी हातात मागितली, मी दिली. तिनं ती उजेडात धरली, मी धरली होती तशीच. आणि परत दिली.

तिसऱ्या वेळी आम्ही तिला सोडलं नाही. आठव्या महिन्यात दवाखान्यात ठेवून घेतलं. मुलगा झाला, पिवळाच. त्याचं रक्त दोनदा बदललं. निगेटिव्ह रक्त मिळवायला लक्ष्मी सिस्टरनी त्यांच्या अख्ख्या गल्लीची झडती घेतली असेल. नवव्या दिवशी पिवळेपणा उतरून त्याचे डोळे स्वच्छ पांढरे दिसले तेव्हा मी बाहेर कडुनिंबाखाली जाऊन रडून घेतलं. त्या रडण्यात हा मुलगा होताच. पण जास्त करून ते मधल्यासाठी होतं, ज्याला मी कधी बघितलंही नव्हतं.

माझा तक्ता पूर्ण झाला. सर खूश झाले. त्या तक्त्यातली सगळ्यात उंच रेघ तिची आहे, आणि ती तशी उंच आहे कारण मी एका ओट्यावरून पाणी पिऊन उठून गेले. हे प्रबंधात कुठंही लिहिलेलं नाही.

बाळ दोन-अडीच महिन्यांचं झालं तेव्हा ती आपण होऊन आली. बरोबर चार वर्षांची पोरगी, जिला बघायला मी एकदा एवढी वाट तुडवली होती. मुलगा खांद्यावर. "सिस्टर म्हनल्या, माज्या रगतानं दुसऱ्या बायांची खून तपासता येती. खरं का?" मी म्हटलं खरं आहे. जोराचं सीरम असलं की त्याच्या एका थेंबानं कळतं कोण पॉझिटिव्ह, कोण निगेटिव्ह. "मग घ्या की," ती म्हणाली आणि हात पुढं केला. मी म्हटलं, आधी जरा अंगात ताकद येऊ दे. तिनं ऐकलं, आणि दिवाळी झाल्यावर पुन्हा आली. या वेळीही तिनं तोंड फिरवलं नाही.

बाटली भरली. चिठ्ठी चिकटवायला मी पेन घेतलं आणि थांबले. "काय लिहू? चंपा की विमल?"

"दोनी लिवा," ती म्हणाली. "एकच लिवलं की मागल्यागत हुतंय."

मी दोन्ही लिहिली. पुढं वर्षभर त्या बाटलीतला थेंब थेंब काचेवर पडत गेला आणि त्यानं कितीतरी बायका वेळेत सापडल्या. फॉर्मवर मी हातानं एक रकाना आखला, माहेरचं नाव. कारकून कुरकुरला, कशाला उगाच वाढवताय म्हणाला. मी त्याला थर्मास दाखवला आणि म्हटलं, एकदा तू घेऊन जा सांगोल्याला. मग तो आपणहून रेघा आखून द्यायला लागला.

काल मुग्धाचा परत फोन आला. प्रबंध छापायला चाललाय. आभाराच्या पानावर माझं नाव घालायचं म्हणत होती, कारण म्हणे पेशीवरच्या प्रथिनाचं वेड तिला लहानपणी माझ्या गोष्टींवरून लागलं. "नुसतं वसुधा आजी लिहू, की पूर्ण नाव?" मी फ्रिजपाशी उभी होते. तिची आजी, माझी ताई, जाऊनही आता सहा वर्षं झाली. मला जुन्या नावानं हाक मारणारं तेवढंच एक माणूस उरलं होतं, तेही आम्ही दोघीच असताना.

मी म्हटलं, "दोन्ही लिही. वसुधा लिही आणि कुसुमही लिही."

पलीकडं तिच्या पेनाचा आवाज थांबलेला मला ऐकू आला.

"आजी," तिनं विचारलं, "कुसुम कोण?"